नाव बदनाम, जंतू मोकाट

२०१० साली आपल्याकडे एका एन्झाइमच्या नावावरून थेट संसदेत गदारोळ झाला होता. तुम्ही तेव्हा शाळेत असाल. एन्झाइमचं नाव 'न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज', म्हणजे एनडीएम-१. ते अंगी असलेल्या जीवाणूपुढे मेरोपेनेमसारखी राखीव अँटिबायोटिक्सही हात टेकतात. दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला गेलेल्या एका रुग्णात ते आधी सापडलं, म्हणून हे नाव. आपल्याकडे ओरड काय झाली? तर हा मेडिकल टुरिझम बुडवण्याचा परदेशी कट आहे! त्या गाजलेल्या पेपरचा पहिला लेखक चेन्नईचा होता, हे कुणी लक्षातच घेतलं नाही. २०११मध्ये दिल्लीत साचलेल्या, झिरपणाऱ्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१मध्ये आणि नळाच्या ५०पैकी २ नमुन्यांत तेच जनुक मिळालं. आपण तेव्हाही नावावरच अडून बसलो होतो.

माझं म्हणणं सरळ आहे. जंतूंचा जीनोम वाचण्यात आपली अडचण पैशाची नाही, भीतीची आहे.

जीनोम नेमकं काय सांगतो ते बघा. एकाच एनआयसीयूतल्या दोन बाळांच्या रक्तात क्लेबसिएला सापडला. साधा कल्चर रिपोर्ट एवढंच सांगतो की जंतू कोणता आणि कुठलं औषध चालेल. पण क्लेबसिएलाच्या जीनोममधली पन्नासेक लाख अक्षरं वाचली आणि दोघांत मोजक्याच अक्षरांचा फरक निघाला, तर संसर्ग जवळजवळ नक्कीच एकाच ठिकाणाहून आला. सिंक, व्हेंटिलेटर, कुणाचे तरी हात. मग 'बाळ मुळातच नाजूक होतं' हे उत्तर पुरत नाही.

अमेरिकेत बेथेस्डाच्या सरकारी संशोधन रुग्णालयात २०११ साली हेच घडलं. १८ रुग्णांना लागण झाली, ११ दगावले, त्यांतले ६ त्या संसर्गानेच. जीनोम वाचल्यावर माग निघाला तो आधीच घरी गेलेल्या एका रुग्णापर्यंत. सिंकच्या ड्रेनमध्ये आणि साफ केलेल्या व्हेंटिलेटरवरही जंतू सापडला. हे सगळं त्या रुग्णालयाने स्वतः छापलं.

आणि आपल्याकडे? दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ दरम्यान झालेल्या अभ्यासात, रक्तात जंतू सापडलेल्या नवजात बाळांपैकी जवळपास निम्मी वाचली नाहीत. आयसीएमआरचं निगराणीचं जाळं २०१३पासून आहे, चांगलं आहे; पण ते मुख्यतः मोठ्या रुग्णालयांचं. त्यातून देशाचा कल कळतो. तुमच्या तालुक्यातल्या एनआयसीयूच्या सिंकबद्दल काही कळत नाही.

'एवढी यंत्रं कुठून आणणार?' हा प्रश्न कोविडने निकालात काढला. डिसेंबर २०२०मध्ये इन्साकॉग उभं राहिलं, पुण्यातल्या प्रयोगशाळांसह देशभर विषाणूचे जीनोम वाचले गेले. विषाणू बाहेरून आला होता, त्यामुळे कुणाची अब्रू जात नव्हती. हा जंतू मात्र वॉर्डातच राहतो.

खरी उणीव यंत्राच्याही आधी आहे. अनेक ठिकाणी अँटिबायोटिक आधी सुरू होतं, ब्लड कल्चरची बाटली नंतर, किंवा कधीच नाही. कल्चर केलंच नाही तर वाचणार कशाचा जीनोम?

म्हणून मागणी छोटी आहे. पहिल्या डोसआधी कल्चर. एका वॉर्डात तोच चिवट जंतू दोघांत दिसला तर दोन्ही नमुने जपून सीक्वेन्सिंगला. आणि निष्कर्ष रुग्णालयाच्या नावासकट जाहीर. बदनामी होईल? होऊ दे. नाव झाकून पंधरा वर्षं काढली, जंतू काही लाजून निघून गेला नाही.