आधी जिंका, मग सराव करा

विद्यापीठांची वार्षिक क्रीडा परिपत्रके निघाली की आमच्याकडे पत्रांची रीघ लागते. यंदा बहुतेक पत्रे राज्यातल्या एकाच विद्यापीठाच्या परिक्षेत्रातून आली आहेत आणि साऱ्यांचा रोख परिपत्रकातल्या दोन कलमांवर आहे. एक, ज्या खेळात चारपेक्षा कमी महाविद्यालयांच्या प्रवेशिका येतील, त्या खेळाची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा न घेता थेट निवड चाचणी होईल. दोन, मागील वर्षी पश्चिम विभागीय स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरलेल्या संघाला सराव शिबिर मंजूर होणार नाही.

कलमांत मुलगे-मुली असा भेद नाही. फुटबॉलमध्ये दोन्हींचा फटका मात्र फक्त मुलींना बसतो. मुलांच्या प्रवेशिका भरपूर येतात, सामने होतात, आणि शिबिर नाही मिळाले तरी पोरे कुठल्या ना कुठल्या क्लबकडून खेळतच असतात. कोल्हापूर घ्या (परिपत्रक तिथले नव्हे). पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींकडून शाहू स्टेडियमवर भरगच्च गर्दीसमोर खेळलेला मुलगा विद्यापीठाच्या संघात येतो तेव्हा तो तयार होऊनच आलेला असतो. मुलींच्या मागे अशी तालीम नाही. त्यांचा सगळा हंगाम म्हणजे निवड चाचणीची एक दुपार.

त्या दुपारी काय होते, हे आपल्याला ठाऊक आहे. शंभर मीटर धावणे, कोनमधून ड्रिबलिंग, चार शॉट, आणि उजेड उरला तर अर्ध्या मैदानावर वीस मिनिटांचा खेळ. स्टॉपर आणि साइड बॅकचे एकमेकींशी जमते का, हे त्यातून कळणार कसे? गोलकीपर म्हणून हँडबॉलची उंच मुलगी उचलायची, डिफेन्सला कबड्डीच्या दोघी. शिबिर नसल्याने अकरा जणींची नीट ओळख होते ती रेल्वेच्या डब्यात. तिथून उतरून संघ बाद पद्धतीच्या स्पर्धेत ज्या विद्यापीठासमोर उभा राहतो, त्याच्या मुली महिनाभर एकत्र खेळलेल्या असतात. आठ-दहा गोल बसतात. व्यवस्थापक अहवालात ‘अनुभवाचा अभाव’ असे लिहितो, कार्यालय त्यावर ‘कामगिरी असमाधानकारक’ असा शेरा मारते, आणि त्या शेऱ्याच्या जोरावर पुढच्या वर्षीचे शिबिर कापले जाते. सराव नाही म्हणून हरलात. हरलात म्हणून सराव नाही. हे कलम लिहिणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी चेंडूला पाय लावला आहे काय?

शिबिराच्या खर्चाचे रडगाणे आम्हाला सांगू नये. जुलै 2025 मध्ये भारतीय महिला संघ चियांग माई इथे थायलंडला 2-1 असे हरवून पात्रता फेरीतून पहिल्यांदाच आशिया चषकात पोहोचला, तेव्हा अभिनंदनाचे फलक लावायला कोणालाच निधी कमी पडला नव्हता. आधी सराव की आधी निकाल, याचे उत्तर हवे तर अमेरिकेकडे पाहा. तिथे 1972 च्या कायद्याने शिक्षणसंस्थांना मुलींशी भेदभाव करण्यास मनाई केली. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाने 1979 मध्ये मुलींचा फुटबॉल संघ उभा केला आणि पुढे मिया हॅमसारखी खेळाडू तिथूनच घडली. आधी संघ उभा केला, निकाल नंतर मागितले.

इथवर वाचून माना डोलावणाऱ्या महाविद्यालयांच्या क्रीडा संचालकांना आता एक प्रश्न. चार प्रवेशिका का आल्या नाहीत? परिक्षेत्रातल्या कितीतरी महाविद्यालयांत मुली मैदानावर दिसतात. प्रवेशिका पाठवायची वेळ आली की उत्तर ठरलेले, ‘सर, अकरा होत नाहीत.’ फुटबॉलच्या नियमपुस्तकातला नियम क्रमांक 3 आपण शेवटचा कधी वाचला? सात खेळाडू असले तरी सामना सुरू करता येतो. त्याच नियमपुस्तकाने तळागाळातल्या स्पर्धांना मैदानाचा आकार, सामन्याचा वेळ आणि बदली खेळाडूला पुन्हा आत घेणे यांत सूट दिलेली आहे. आंतरमहाविद्यालयीन फेरी सात-सात जणींची खेळवावी, त्यातून संघ निवडावा आणि अकरा जणींची घडी शिबिरात बसवावी. शेजारच्या दोन महाविद्यालयांचा संयुक्त संघ उतरवण्याची परवानगी मागावी. आजवर ती किती जणांनी लेखी मागितली? तोंडी कुरकुर नोंदवहीत चढत नाही. आणि एकही प्रवेशिका न पाठवता कार्यालयाला दूषणे देणाऱ्यांची पत्रे आम्ही यापुढे छापणार नाही.

तेव्हा प्राध्यापकहो, ‘मुलींची आवड कमी’ ही सबब आता पुरे. या महिन्यात तीन गोष्टी करा. सात मुली असतील तरी फुटबॉलची प्रवेशिका मुदतीत भरा आणि पोच घ्या. शेजारच्या महाविद्यालयाशी दोन मैत्रीपूर्ण सामने ठरवा. त्याला कोणाची मंजुरी लागत नाही. आणि क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळावरच्या आपल्या प्रतिनिधीला गाठून शिबिराचे कलम रद्द करण्याचा ठराव पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर आणायला लावा. ठरावाची आणि प्रवेशिकेच्या पोचेची प्रत आमच्याकडे पाठवा. ज्या महाविद्यालयांची येईल, त्यांची नावे पुढच्या अंकात पहिल्या पानावर छापू.