काळ्याचं कौतुक

या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा काळा बिबट्या फिरतोय. सिंधुदुर्गातला म्हणून आलेला फोटो बघता बघता आंबोलीचा, मग कोयनेचा आणि शेवटी कुणाच्या तरी मामाच्या परसातला झाला. हरकत नाही, सह्याद्रीच्या ओल्या, दाट रानात तो आहेच. 2018 साली तर ताडोबाच्या कोरड्या जंगलातही पर्यटकांना दिसला, आणि कबिनीच्या काळ्या नरापायी लोक हातभर लेन्स घेऊन कर्नाटकात मुक्काम ठोकतात. पण मंडळी, ही जात वेगळी नव्हे. आईबाप दोघांकडून एक दबून राहणारा जनुक आला, की ठिपकेवाल्यांच्याच घरात काळं पिल्लू जन्मतं. तिरप्या उन्हात त्याचेही ठिपके दिसतात, चंद्रकळेवरच्या काळ्या बुट्ट्यांसारखे. तरी त्याच्यासाठी जिप्सींची रांग आणि जुन्नरच्या उसात पिल्लं वाढवणाऱ्या त्याच्या बहिणीसाठी पिंजरा! (गावकऱ्यांची भीती खरी आहे, तिची चेष्टा मी करणार नाही.) गोऱ्या रंगासाठी क्रीम चोपडणाऱ्या आपल्या देशात काळ्याला भाव मिळतोय, याचा मला आनंदच आहे. पण दिसला तर पोटभर बघा आणि पाणवठ्याचं नाव पोटातच ठेवा. ते गावभर करणाऱ्याला जंगलात पुन्हा सोडूच नये.