‘लेस’ला नापास करण्याआधी



इंग्रजीत मोजता येणाऱ्या नामापुढे ‘कमी’ या अर्थी ‘फ्युअर’ऐवजी ‘लेस’ वापरणे हा अडाणीपणा, हा गेल्या अंकातील लेखकाचा निकाल घाईचा आहे. ‘फ्युअर’चा हा नियम सनातन असल्याचा त्यांचा समज तर साफ चूक. असा ‘लेस’ नवव्या शतकात आल्फ्रेड राजाच्या लेखनातही सापडतो. ‘फ्युअर’ची शिफारस इंग्रजी भाषेवर लिहिणाऱ्या रॉबर्ट बेकरची, १७७० मधली, तीही वैयक्तिक पसंती म्हणून.

‘फाइव्ह माइल्स’ला लेखक ‘फ्युअर दॅन’ लावतील? अंतर, पैसा, वेळ इंग्रजीत एकगठ्ठा धरतात. तिथे ‘लेस दॅन’च.

परीक्षेत ‘फ्युअर स्टुडंट्स’ लिहावे, एवढे मान्य.

राहिली दुकानातली ‘टेन आयटम्स ऑर लेस’ ही पाटी. टेस्को या ब्रिटिश सुपरमार्केटने २००८ मध्ये ती बदलली, पण ‘फ्युअर’ आणले नाही. ‘अप टू टेन आयटम्स’ लिहून मोकळे झाले.

— एक इंग्रजी शिक्षक, सातारा