मंजुरी वेगळी, मान्यता वेगळी

गेल्या मार्चमध्ये मंडळातली एक ताई फाइल घेऊन माझ्याकडे आली. दोन वर्षांचं नर्सिंग पूर्ण, एनक्लेक्स ही परवान्याची परीक्षा पहिल्याच प्रयत्नात पास, हातात आरएनचा, म्हणजे नोंदणीकृत नर्सचा, परवाना. आता तिला बीएसएन ही नर्सिंगची बॅचलर पदवी घ्यायची होती. विद्यापीठाकडून आलेला क्रेडिटचा तक्ता तिने टेबलावर उलगडला. डावीकडे शिकलेले विषय: ॲनाटॉमी, मायक्रोबायॉलॉजी, फार्माकॉलॉजी. उजवीकडे प्रत्येकासमोर शून्य. ॲनाटॉमीत तर तिला ‘ए’ होता. "मी अभ्यास केला नव्हता का हो?" एवढंच ती म्हणाली.

केला होता, आणि मनापासून केला होता. शाळेच्या माहितीपत्रकावर ‘स्टेट अप्रूव्ह्ड’ असं ठळक अक्षरांत छापलं होतं आणि तिने त्याचा अर्थ ‘मान्यताप्राप्त’ असा घेतला. आपल्यापैकी बहुतेकांनी तोच घेतला असता. पण हे दोन शब्द एक नाहीत, आणि पदवीची वाट याच ठिकाणी अडते.

राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मंजुरी म्हणजे शाळा चालवायला परवानगी. तिथल्या विद्यार्थ्याला परवान्याच्या परीक्षेला बसता येतं. मान्यता देणाऱ्या संस्था वेगळ्या. एक मान्यता अख्ख्या कॉलेजला मिळते. आपल्या न्यू यॉर्क, न्यू जर्सीच्या बाजूला ती बहुतेक ठिकाणी मिडल स्टेट्स कमिशन देतं. तुमची क्रेडिट्स दुसरीकडे धरली जातात की नाही, हे मुख्यतः तिच्यावर ठरतं. दुसरी मान्यता फक्त नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला, एसीईएन किंवा सीसीएनईसारख्या संस्थांकडून. यातली सीसीएनई पदवी आणि त्यापुढचेच अभ्यासक्रम तपासते. तेव्हा दोन वर्षांच्या असोसिएट अभ्यासक्रमासाठी कुणी सीसीएनईचं नाव सांगितलं, तर चेकबुक तिथेच मिटावं.

कॉलेजच्या मान्यतेतही फरक असतो. आयटीटी टेक या संस्थेच्या देशभर १३० हून अधिक शाखा होत्या, नर्सिंगही शिकवलं जायचं, आणि एसीआयसीएस नावाच्या संस्थेची मान्यताही होती. तरीही तिथली क्रेडिट्स कितीतरी विद्यापीठं घेत नसत. सप्टेंबर २०१६ मध्ये आयटीटी टेक बंद पडली आणि हजारो विद्यार्थी अर्ध्यावर राहिले. म्हणून ‘मान्यता आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका; कुणाची, ते विचारा.

"परवाना मिळाला, नोकरी लागली, मग पदवीवाचून काय अडतंय?" असं मला पुष्कळ जण विचारतात. अडतं. न्यू यॉर्कने २०१७ साली कायदाच केला: नव्याने आरएन होणाऱ्याने परवाना मिळाल्यापासून १० वर्षांत नर्सिंगची बॅचलर पदवी घ्यायची. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत नोकरी हवी असेल, तर नर्सिंगच्या अभ्यासक्रमाची मान्यता साधारणपणे पाहिली जातेच.

कॅलिफोर्नियातल्या मैत्रिणी म्हणतील, आमच्याकडे कितीतरी कम्युनिटी कॉलेजांच्या नर्सिंगला फक्त बोर्डाची मंजुरी असते, तरी मुली पुढे शिकतात. बरोबर आहे, कारण तिथे कॉलेज स्वतः मान्यताप्राप्त असतं आणि राज्याच्या विद्यापीठांना ती वाट ओळखीची असते. पण नवऱ्याची बदली टेक्सासला झाली, तर तिथलं विद्यापीठ तेच मानेल याची हमी कोण देणार? आपल्या घरांत बदली ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

मला खरी खंत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. पुण्यात भाचीला इंजिनिअरिंगला घालताना आपण एआयसीटीईची मान्यता पाहतो, नॅकची श्रेणी पाहतो, चार ओळखीच्यांना फोन करतो. इथे मात्र अमेरिकेतलं कॉलेज म्हटल्यावर विश्वास टाकून मोकळे होतो. त्यातून एच-४ व्हिसावर आलेल्या बायकांची आधीच पाच-सात वर्षं घरात गेलेली असतात. जी शाळा लवकर प्रवेश देते, संध्याकाळचे वर्ग ठेवते, तीच त्यांना देवासारखी वाटते. कम्युनिटी कॉलेजची प्रतीक्षायादी मोठी असते, हे मला मान्य आहे. पण थांबण्यात गेलेलं एक वर्ष पुन्हा शिकण्यात जाणाऱ्या दोन वर्षांपेक्षा स्वस्त पडतं.

म्हणून माझं सांगणं असं, की उलटीकडून सुरुवात करा. बीएसएन कुठे करायचं ते आधी ठरवा आणि त्या विद्यापीठाच्या रजिस्ट्रारला ईमेल करून विचारा: या शाळेचे हे विषय तुम्ही घ्याल का? विज्ञानाचे विषय किती वर्षांपर्यंत चालतील? उत्तर लेखीच घ्या. फोनवरचं गोड बोलणं नंतर कामाला येत नाही. मग एसीईएनच्या स्वतःच्या यादीत शाळेचं नाव शोधा, नेमका अभ्यासक्रम आणि नेमकी शाखा पाहून. एकाच संस्थेच्या प्रॅक्टिकल नर्सिंगला मान्यता असते आणि आरएनच्या अभ्यासक्रमाला नसते, असं होऊ शकतं. ‘कँडिडेट’ असं लिहिलं असेल तर मान्यता अजून मिळालेली नाही, असंच समजा.

ती ताई आता कम्युनिटी कॉलेजात रात्रीच्या वर्गाला ॲनाटॉमी पुन्हा करते आहे. तिच्या फ्रिजवर हाताच्या हाडांची चित्रं चिकटवलेली आहेत, आणि सहा वर्षांच्या लेकीला त्यांची नावं पाठ झाली आहेत.

पाडव्याच्या कार्यक्रमाला मी नेहमीप्रमाणे नावनोंदणीच्या टेबलावर असेन. कुणाच्या घरी नर्सिंगचा विचार चालू असेल, तर पहिली फी भरायच्या आधी शाळेचे कागद घेऊन या. आपण बसून पाहू.