सांडपाण्याची गाळणी आणि निविदेचा नियम

बेंगळुरूच्या पूर्वेकडील के. आर. पुरम २००७ पर्यंत स्वतंत्र नगरपालिका होती. तिथल्या येले मल्लप्पा शेट्टी तलावात भोवतालच्या वस्त्यांचे सांडपाणी मिसळते आणि ते पुढे दक्षिण पिनाकिनी नदीला मिळते. नदी तमिळनाडूत शिरते. होसूरजवळच्या केलवरपल्ली धरणातून सोडलेल्या पाण्यावर पांढरा फेस तरंगतो. एका शहराची मोरी दुसऱ्या राज्यातील शेतकऱ्याच्या बांधापर्यंत जाते. याच शहरासाठी कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून पंपांनी चढवून आणले जाते, आणि एकदा वापरले की आपण त्याच्याकडे पाठ फिरवतो.

या पार्श्वभूमीवर सिरॅमिक पटलांची चर्चा मला महत्त्वाची वाटते. अ‍ॅल्युमिनासारखी द्रव्ये उच्च तापमानात भाजून केलेल्या या पटलांची छिद्रे साधारणतः मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी असतात. गढूळपणा आणि बहुतेक जीवाणू अडतात. विरघळलेले क्षार मात्र आरपार जातात, ही मर्यादा विक्रेते हळू आवाजात सांगतात. बहुवारिकाची पटले क्लोरीन व तीव्र रसायनांच्या धुलाईने लवकर झिजतात. सिरॅमिक ती सोसते आणि बरीच अधिक वर्षे टिकते. सिंगापूरने चोआ चू कांग जलशुद्धीकरण केंद्रात ती पिण्याच्या पाण्यासाठी बसवली. आपल्याकडे कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेने पाण्यातील आर्सेनिक व लोह काढण्यासाठी अशीच पटले विकसित केली आहेत. ज्ञानाची वानवा नाही.

अडचण खरेदीची आहे. सिरॅमिक पटलाची पहिली किंमत कित्येक पट अधिक असते, आणि आपली निविदापद्धती पहिल्या किमतीपलीकडे सहसा पाहत नाही. सर्वांत कमी दराचा देकार स्वीकारणारा अधिकारी लेखापरीक्षणात सुरक्षित राहतो. पंधरा वर्षांचा खर्च मांडणाऱ्याला खुलासे द्यावे लागतात. सेवेत मी हे पुष्कळ पाहिले. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये बांधकामांसह इतर खरेदीत गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत भार देण्याची मुभा दिली, तीही अटींसह. राज्यांचे व महापालिकांचे नियम वेगळे, आणि सांडपाणी त्यांच्याच पदरी.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आणखी एक गोष्ट खटकते. कर्नाटकातील तलावांच्या मालिकेवर नीरगंटी नेमलेला असे. तो झडपा सांभाळी, पाण्याची वाटणी करी, आणि त्याचा मोबदला धान्यातून वा इनाम जमिनीतून ठरलेला असे. तलाव बांधताना त्याच्या सांभाळाची तजवीज होई. आज मोठ्या गृहसंकुलांना स्वतःचे सांडपाणी केंद्र सक्तीचे आहे, पण ते चालवणारा माणूस बहुधा सर्वांत स्वस्त कंत्राटाचा असतो. तंत्र कितीही कठीण भाजलेले असो, धुलाईचे वेळापत्रक कोणीतरी पाळावे लागते.

ग्राहक असला की पाळले जाते. नागपूर महापालिकेचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राला जाते. तिथे पाणी बिघडले तर दुसऱ्या दिवशी तक्रार येते. के. आर. पुरमच्या तलावाकडून तक्रार येत नाही.

म्हणून पुढल्या निविदेत तीन अटी असाव्यात, असे माझे मत आहे: किमान पंधरा वर्षांच्या एकूण खर्चावर तुलना, देखभालीचे पैसे बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तपासणीशी बांधलेले, आणि पाणी घेणाऱ्याचा करार आधी झालेला. त्या हिशेबात कधी सिरॅमिक जिंकेल, कधी नाही. पण हिशेब मांडण्याचा अधिकार खालच्या अभियंत्याला द्यायला हवा, आणि तो वापरल्याबद्दल त्याची चौकशी लावता कामा नये.