बिनडोक्याचा स्वार

बोईसरला एका चित्रकला स्पर्धेचा मी परीक्षक होतो. एका वारली मुलीने घोड्यावर बिनडोक्याचा स्वार काढलेला. सहपरीक्षक म्हणाले, "चित्र अपूर्ण आहे." गुण कापले. मीही मान डोलावली, ही माझी चूक!

अहो, तो पंचशिऱ्या देव! लग्नात सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक 'लिहितात' (काढतात नव्हे), त्यात पालघट देवीशेजारी हा घोडेस्वार, मानेतून पाच कणसं फुटलेला. पोरीने कणसंही काढली होती. आम्हाला ते गवत वाटलं! बिनडोक्याचे कोण ते तुम्हीच ठरवा.

गंजाडच्या जिव्या सोमा म्हसेंना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्याचं कौतुक आम्हीच भाषणांतून करायचं. आणि भिंतीभिंतीवर तोच तारपा नाच गिरवायचा? चित्रकलेच्या मास्तरांनी आधी एखाद्या लग्नघरी जाऊन चौकासमोर बसावं. मी जाणार आहे, सत्तरीत का होईना.