वही कोण तपासणार?

मध्य रेल्वेच्या उपनगरी गाड्या कसाऱ्याला थांबतात. पुढे घाट, आणि घाटमाथ्यावर इगतपुरी. या भागातील वाड्या-पाड्यांतून जो विद्यार्थी शाळेबाहेर राहून शालान्त परीक्षेची तयारी करतो, अथवा ज्याच्या शाळेत संस्कृतची सोयच नाही, त्याने ही भाषा घरी शिकावयाचे ठरविले तर पहिला प्रश्न उभा राहतो तो पुस्तकाचा. शाळेत जाणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. त्याचे पुस्तक मंडळ ठरविते आणि त्यातील उणिवा शिक्षक भरून काढतो. घरी शिकणाऱ्याच्या बाबतीत पुस्तक हाच शिक्षक असतो, म्हणून त्याची निवड अधिक चिकित्सेने व्हावयास हवी.

या प्रश्नाला या भूमीत एक ऐतिहासिक संदर्भही आहे. नाना शंकरशेट यांचा जन्म 1803 साली मुरबाडला झाला. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतात अग्रस्थान मिळविणाऱ्याला त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळे. 1912 साली ती चिंतामणराव देशमुखांनी मिळविली. पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झालेल्या या गृहस्थांनी ‘मेघदूता’चा मराठी अनुवाद केला, म्हणजे शाळेतील संस्कृत त्यांना आयुष्यभर पुरले. ज्या तालुक्यातील सुपुत्राच्या नावाने राज्यातील संस्कृतचे गुणवंत ओळखले जात, त्या मुरबाडच्या आणि शेजारच्या शहापूरच्या डोंगराळ भागातील मुलांना ही भाषा दुर्मीळ असावी, हे शोभादायक नव्हे.

जुनी परंपरागत वाट सर्वांना ठाऊक आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी 1860 च्या दशकात हायस्कुलांसाठी लिहिलेली संस्कृतची दोन पुस्तके अजूनही अनुकरणीय मानली जातात. पहिल्या पुस्तकात प्रथम, चतुर्थ, षष्ठ व दशम गणांचे धातू. उरलेले अवघड गण दुसऱ्यात. प्रत्येक धड्यात थोडा नियम, थोडे शब्द आणि मग दोन्ही बाजूंनी भाषांतराची वाक्ये. रचना अशी की पाया डळमळीत ठेवून पुढे जाताच येऊ नये. परंतु ही पुस्तके इंग्रजीच्या आधारे लिहिलेली आहेत, आणि त्यांचा खरा कस भाषांतराच्या वाक्यांत आहे. ती वाक्ये लिहिल्यावर चूक दाखविणारा कोणी नसेल, तर विद्यार्थी चूकच घोटून पक्की करतो. घोटलेले अशुद्ध रूप पुढे सुधारणे नवे शिकण्याहून कठीण जाते, हे कोणताही अनुभवी शिक्षक सांगेल.

युरोप-अमेरिकेत मुलांना घरी लॅटिन शिकविणाऱ्या पालकांपुढेही हाच पेच असतो. एकीकडे 1956 चे व्हीलॉकचे व्याकरणप्रधान पुस्तक, दुसरीकडे पहिल्या पानापासून केवळ लॅटिनमध्येच बोलणारे ओर्बर्गचे वाचनप्रधान पुस्तक. तेथे निदान पालक मुलाबरोबर शिकू शकतील असे गृहीत धरता येते. दिवसभर भातखाचरात किंवा विटांच्या भट्टीवर राबणाऱ्या आईबापांकडून तशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

म्हणून अशा विद्यार्थ्याने आरंभ श्रीपाद दामोदर सातवळेकरांच्या ‘संस्कृत स्वयंशिक्षका’ने करावा. 1968 साली वयाची शंभरी ओलांडून निधन पावलेल्या या पंडितांनी ते पुस्तक हिंदीत लिहिले, आणि शाळेतली हिंदी ज्याला येते त्याला ते उमगते. लहान वाक्यांपासून सुरुवात असल्याने पाठ केल्याचा उपयोग लगेच दिसतो. 1981 साली सुरू झालेल्या संभाषण-चळवळीची शिबिरे कानाला व जिभेला वळण देतात, तेही स्वागतार्ह; मात्र अपठित उताऱ्याचा अर्थ लावण्याची तयारी त्यांतून आपोआप होत नाही. भांडारकर त्यानंतर, तेही मार्गदर्शक मिळाल्यावर.

मराठी विद्यार्थ्याला एक भांडवल जन्मजात मिळते असे म्हटले जाते: लिपी तीच, विभक्तींची नावे तीच, तत्सम शब्द तर पदोपदी. हे खरे, पण ‘राग’ म्हणजे संताप, ‘शिक्षा’ म्हणजे दंड आणि ‘चेष्टा’ म्हणजे थट्टा असे धरून चालणारा विद्यार्थी संस्कृतात फसतो. तेथे अनुराग, शिक्षण आणि हालचाल वा प्रयत्न असे अर्थ आहेत. शिवाय ठाकूर, कातकरी, वारली घरांतील मुलांच्या बोलीत हे तत्सम भांडार मुळातच विरळ असते. जे पाठ्यपुस्तक शहरी मुलाची शब्दसंपत्ती गृहीत धरते, ते अशा मुलावर दुहेरी ओझे टाकते.

एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत घेण्याची इच्छा असूनही डॉ. आंबेडकरांना जातीमुळे फारसी घ्यावी लागली. संस्कृतचा अभ्यास त्यांना पुढे आपल्याच परिश्रमांनी करावा लागला. आज तशी बंदी नाही. परंतु शिक्षक नाही म्हणून दार बंद राहिले, तर बाहेर उभी राहणारी मुले बहुधा त्याच थरातील असतात.

गुणांच्या बाबतीत मात्र सावध राहणे इष्ट. पैकीच्या पैकी गुण देणारा विषय अशी संस्कृतची ख्याती झाल्यामुळे अनेक जण ते दहावीपुरते घेतात आणि अकरावीत विसरतात. घरी शिकणाऱ्यापुढे 100 गुणांचे संपूर्ण संस्कृत की हिंदीसह 50 गुणांचे संयुक्त संस्कृत, असा पर्याय येतो. संपूर्ण संस्कृतचे ‘आमोद’ आणि संयुक्तचे ‘आनंद’ ही दहावीची पुस्तके 2018 साली आली. इतके श्रम करावयाचे तर संपूर्णच घ्यावे. पण वही तपासणारा मिळाल्यावरच.

तो मिळविणे अशक्य नाही. कसाऱ्याहून खर्डी, आटगाव ओलांडून आसनगावला उतरले की शहापूर जवळ. तेथे किंवा कल्याणात राहणाऱ्या एखाद्या निवृत्त संस्कृत शिक्षकाने आठवड्यातून एक सकाळ पाच-सहा वह्यांसाठी राखून ठेवली, तरी वर्षभराचा अभ्यास मार्गी लागेल. मुरबाडला रेल्वे नाही. तेथील विद्यार्थ्याने वहीच्या पानाचे छायाचित्र मोबाइलवर पाठवावे, आणि शिक्षकाने चुकांवर लाल खूण करून ते त्याच संध्याकाळी परत धाडावे.